भडकाऊ प्रचार जाहिरातीवर देशद्रोहाचा गुन्हा लावावा का?

पर्वतीकर:
विधानसभेच्या प्रचारात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती. अर्ध्या मिनिटाची. आधी शेजारच्या वस्तीचं ड्रोनवरून घेतलेलं चित्र, त्याभोवती लाल वर्तुळ. मग विरोधी उमेदवाराचा चेहरा, मागे शत्रुराष्ट्राचा झेंडा आणि भारदस्त आवाजात 'यांना मत म्हणजे सीमेपलीकडे मत'. त्याच वस्तीतून आमच्याकडे पोळ्यांना, धुण्याभांड्यांना बायका येतात. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लोक त्यांच्यापासून अंग चोरून उभे होते, ते मी पाहिलंय. निवडणुकीत असं चालायचंच, म्हणून मला हे सोडून देता येत नाही.

पण 'देशद्रोहाचा गुन्हा लावा, आत टाका' हा ग्रुपवरचा सूरही मला मान्य नाही. जुन्या दंड संहितेतलं राजद्रोहाचं कलम १२४अ याच पुण्याच्या 'केसरी'वर चाललं होतं. १८९७ मध्ये रँडचा खून झाला आणि लेखांसाठी टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, इतका अर्थ न्या. स्ट्रॅची यांनी तेव्हा ताणला होता. १९०८ मध्ये पुन्हा खटला आणि मंडाले. कलम सैल असलं की ते सत्तेत बसलेल्यांच्या सोयीनं चालतं. आज मी ते एका जाहिरातीवर मागितलं, तर उद्या ते पाण्याच्या प्रश्नावर मोर्चा काढणाऱ्यावर लागेल. जाहिरात करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, पण तिची जागा निवडणूक कायद्यात आहे.

वारजे_नाका:
टिळकांना यात आणू नका. ते परक्या सत्तेविरुद्ध लिहीत होते, हे लोक मतांसाठी शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडतायत. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्या कलम १५२ मध्ये देशाची एकता धोक्यात आणणं स्पष्ट लिहिलंय. चौकात चार पोरांनी घोषणा दिल्या तर एकता धोक्यात, आणि लाखो फोनवर पैसे देऊन विष पोचवलं तर तो प्रचार? जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे, वापरा की.

आणि तुमच्या निवडणूक कायद्याचा वेगही बघा. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ ची. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर १९९५ मध्ये आला. त्यांच्या प्रचारात भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला तो १९९९ मध्ये. बारा वर्षं! तोवर त्यांच्या पक्षाची राज्यात सत्ताही आली होती. असल्या कायद्याचा धाक कुणाला वाटणार?

शनिवारातला_वकील:
दोघांसाठी थोडं. घोषणांचं उदाहरण उलट जातं, वारजेकर. १९९५ च्या बलवंत सिंग खटल्यात नुसत्या खलिस्तानवादी घोषणा दिल्या म्हणून राजद्रोह होत नाही, असंच सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. त्याआधी १९६२ च्या केदारनाथ सिंग निकालानं १२४अ ला हिंसेची किंवा अव्यवस्थेची चिथावणी ही मर्यादा घातली होती. मे २०२२ मध्ये त्या कलमाचा वापरच स्थगित झाला. १५२ मध्ये फुटीरता, सशस्त्र बंड असे शब्द आहेत. गलिच्छ जाहिरात त्यात बसवायला गेलात तर खटला पहिल्याच पायरीवर पडेल आणि तो माणूस निर्दोष म्हणून हार घालून मिरवेल. देशाविरुद्ध युद्ध पुकारणं तर फारच लांब राहिलं.

तुम्हाला हवंय ते लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२५ मध्ये आहे. निवडणुकीच्या संदर्भात धर्म, जात, भाषा यांवरून वैर पसरवलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. शिवाय कलम ८(१) प्रमाणे १२५ खाली नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. १२४अ कलम ८(१) मधल्या गुन्ह्यांच्या यादीत कधीच नव्हतं. उमेदवाराला तुरुंगापेक्षा ही अपात्रता जास्त झोंबते.

वारजे_नाका:
कागदावर झोंबते. वकीलसाहेब, १२५ खाली शिक्षा झालेला एक तरी आमदार तुमच्या कोर्टात बघितलात का? तक्रार कुणी करायची, पुरावा कुणी ठेवायचा? जाहिरात बनवणारा एक, फिरवणारा दुसरा, फायदा तिसऱ्याला, आणि उमेदवार म्हणतो मला माहीतच नव्हतं. मोठ्या कलमाचं नाव घेतलं तरच पोलीस जागचे हलतात.

नवीपेठ_अनघा:
प्रचाराच्या जाहिराती बनवणाऱ्या ठिकाणी मी काम केलंय. टीव्हीवरच्या आणि सोशल मीडियावर पैसे देऊन दाखवायच्या जाहिराती आधी निवडणूक आयोगाच्या प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्याव्या लागतात. त्यामुळे सौम्य आवृत्ती समितीकडे जाते आणि जहाल आवृत्ती कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर. बनवणारे हात तेच, खर्च उमेदवाराच्या हिशेबात नाही. चौकातल्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ खाली सहा महिने कैद होऊ शकते. पैसा कुणाचा, हे दाखवण्याची तीच सक्ती या क्लिपांवरही हवी. वारजेकर, तुमचा राग मला पटतो, पण नाव हाती लागल्याशिवाय १५२ लावणार कुणावर? ज्यानं फॉरवर्ड केलं त्या रिटायर्ड काकांवर?

पर्वतीकर:
अनघाताई, नेमकं हेच होईल. काका आत आणि पैसे देणारा विधानसभेत. वारजेकर, विलेपार्ल्याच्या बारा वर्षांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तिथे निवड रद्द झाली ती राजद्रोहाचं कलम न लावता. मागायचं तर हे मागू: निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं १९५१ च्या कायद्यातच लिहिलंय, ते बंधनकारक करा.

वारजे_नाका:
त्या मागणीच्या निवेदनावर माझी सही घ्या. १५२ बद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. शेजाऱ्याला शत्रू ठरवून निवडून येणाऱ्याला फक्त अपात्र करून सोडणं मला कधीच पुरेसं वाटणार नाही.