लिंकनचं वाक्य राहू दे, रूझवेल्टचं घ्या
अब्राहम लिंकनच्या नावानं ‘कंपन्या सिंहासनावर बसतील’ असं एक पत्र फिरवलं जातं, ते बनावट आहे. नंतर त्याच्या नावावर खपवलेलं. पण कंपन्यांच्या हातात सत्ता जाण्याचा मुद्दा खराच. २९ एप्रिल १९३८ ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टनं अमेरिकी काँग्रेसला कळवलं होतं की खासगी सत्ता लोकशाही राज्यापेक्षा बलवान होऊ दिली तर लोकांचं स्वातंत्र्य सुरक्षित नाही. त्याला त्यानं सरळ फॅसिझम म्हटलं.

आपल्याकडे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात हेच जास्त नेमकं मांडलंय: सरकारचं नियंत्रण काढलं की उरते ती खासगी मालकाची हुकूमशाही. आम्हा सीमाभागातल्या निपाणीकडच्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. १९८१ ला तंबाखू शेतकरी हायवेवर बसले ते भाव व्यापारी ठरवायचे म्हणूनच की! आता तंबाखू कमी, ऊस जास्त. आमच्या भागात ज्याच्या साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस घालायचा, त्याच्याच घरच्या उमेदवाराला मत मागायला दारात बघायचं. बिल थकलं तर तक्रार कुणाकडं करायची, सांगा बघू. (सीमाप्रश्नावर भांडणारे दोन्हीकडचे पुढारी ह्यावर मात्र गप्प.)

आणि कंपन्यांनी पक्षांना दिलेल्या देणग्यांचं म्हणाल, तर न्या. छागलांनी १९५७ लाच मुंबई उच्च न्यायालयात धोका दाखवला होता. नाव उघड न करता पक्षाला देणगी द्यायचे निवडणूक रोखे रद्द व्हायला २०२४ उजाडलं.