'रूमर्स'ची कोणती रीमास्टर आवृत्ती घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

फ्लीटवुड मॅक या रॉक बँडच्या 'रूमर्स' अल्बमची (१९७७) बाबांकडे जुनी एलपी आहे. दुसरी बाजू आता फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडते. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला २००४ची रीमास्टर केलेली (म्हणजे जुन्या टेपवरून आवाज नव्याने घडवलेली) सीडी आणली आणि घोटाळा झाला.

'साँगबर्ड' संपल्यावर बाबा सवयीने उठले. एलपीवर तिथे पहिली बाजू संपते, उलटली की 'द चेन'. सीडीत मध्येच 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' घातलंय. (मूळ एलपीत जागा नव्हती म्हणून ते 'गो युअर ओन वे'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं होतं.) गाणं सुरेखच, पण बाबा म्हणाले, "पंगतीत हा कोण येऊन बसलाय?"

दुसरी अडचण आवाजाची. मित्राच्या जुन्या सीडीला व्हॉल्यूमचं बटण बारावर न्यावं लागतं, हिला दहावरच कान भरतात. दोन्हींचा आवाज अंदाजाने सारखा करून ऐकलं, तरी 'ड्रीम्स'मधला स्नेअर ड्रम जुन्या सीडीत सुटा, टपकन पडतो. नवीत तो गर्दीत उभा असल्यासारखा वाटतो.

रेकॉर्डिंगच्या वेळी ओव्हरडबसाठी (आधीच्या रेकॉर्डिंगवर नवे आवाज चढवायला) मल्टिट्रॅक टेप (वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेली) इतकी फिरवली गेली की ड्रमचा तजेला उडाला, आणि शेवटी राखीव टेपशी हाताने वेग जुळवून काम निभावलं, हे वाचलंय. पण ते सगळं मिक्सच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करण्याच्या, आधीचं. दोन्ही सीडी त्याच तयार स्टिरिओ मिक्सच्या असतील, तर मला जाणवणारा फरक रीमास्टरिंगच्या कॉम्प्रेशनचाच (हळू-मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करण्याचा) ना? की माझं काही चुकतंय?

आता २०११ची, स्टीव्ह हॉफमन आणि केविन ग्रे यांनी मास्टर केलेली ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची) दोन रेकॉर्डांची आवृत्ती डोक्यात आहे. चार बाजू, म्हणजे बाबा तीनदा उठणार (गुडघे!). शिवाय आमच्या टर्नटेबलवर ४५साठी थाळी उचलून पट्टा दुसऱ्या खाचेत चढवावा लागतो. साध्या, मधल्या किमतीच्या कार्ट्रिजवर (सुई बसवलेला भाग) एवढ्या खटाटोपाचं चीज होतं का? की ३३ची साधी नवी रेकॉर्ड पुरे?

प्रत्यक्ष ऐकलेल्यांनी कृपया सांगा. दुकानदाराचं मत घेऊन झालंय. त्याच्या मते जे दुकानात शिल्लक आहे तेच उत्तम.

ता.क. सीडीवर ते एक गाणं वगळून पुढे जाता येतं, हे मला माहीत आहे. बाबा रिमोटला हात लावत नाहीत.