मदत हवी आहे: फ्रोझन मांस-पर्यायी पदार्थ, एजंट म्हणतो १६०२, सप्लायर म्हणतो २१०६.१०

शीतसाखळी
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. आमचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर बंदरात प्लगला लावून पडलाय, आज पाचवा दिवस, मीटर चालूच आहे. माल म्हणजे सोया-वाटाण्याचे फ्रोझन पदार्थ, मांसाऐवजी खातात ते. सप्लायरने इनव्हॉइसवर सगळ्याला सरसकट २१०६.१० (प्रोटीनचा कस्टम्स कोड) टाकलंय. आमचा क्लिअरिंग एजंट म्हणतो १६०२ (तयार मांसाचा कोड) लावा नाहीतर तपासणीत अडकेल, आणि १६०२ लावलं की ड्युटी बदलते, वर पशुवैद्यकीय सर्टिफिकेट लागतं जे आमच्याकडे नाही. अहो मांसच नाही तर मांसाचा कोड कसा? कोणता कोड बरोबर ते कुणीतरी ठाम सांगा, उद्या सकाळी एजंटला कळवायचंय.

खडूफळा
ठाम सांगायला माल काय ते तर कळू द्या. किती आयटम आहेत? प्रत्येकात काय काय, किती टक्के? वरून पावाचा चुरा आहे का? अंडं, दूध? शिजवलेलं की कच्चं? "सोया-वाटाण्याचे पदार्थ" एवढ्यावर मी तरी पाच वेगवेगळी हेडिंग (कोडचे पहिले चार आकडे) काढून दाखवीन. आणि देश कुठला?

जुना_कागद
देश नंतर बघू हो. पहिले सहा आकडे हार्मोनाइज्ड सिस्टिमचे, जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, १९८८ पासून लागू आहेत आणि २०० च्या वर देश तेच वापरतात. त्यापुढचे आकडे आणि ड्युटीचा दर ज्याचा त्याचा. भांडण सहा आकड्यांचं आहे तोवर देश सांगितला नाही तरी चालेल.

मी स्वतः पाच-सहा वर्षं सोया आयसोलेट आणतोय, ते ३५०४ मध्ये जातं, कधी कुणी हटकलं नाही. प्रोटीन आहे ना, मग ३५०४ बघा.

खडूफळा
तुमची ती पोत्यातली पावडर आहे काका. सोया आयसोलेट म्हणजे साधारण ९० टक्के किंवा जास्त प्रोटीन, ते ३५०४. त्याहून कमी असलेलं कॉन्सन्ट्रेट २१०६.१०. यांचा माल तेल-मसाला घालून आकार दिलेला तयार पदार्थ आहे, तो ३५०४ मध्ये कुठून बसवणार?

हिरवा_घास
सगळे उगाच अवघड करताय. वाटाणा म्हणजे भाजी. भाजी शिजवून फ्रोझन केली की २००४.९०. आमची व्हेज पॅटी कायम त्यातच येते. एजंट बदला, दुसरं काही नाही.

खडूफळा
तुमच्या पॅटीत गाजर, मटार, मका असणार, डोळ्याला दिसणारे. म्हणून ती तिथे बसते. चॅप्टर (कोडचे पहिले दोन आकडे) २० ची तिसरी टीप वाचा: २००१, २००४, २००५ मध्ये फक्त चॅप्टर ७ चा म्हणजे भाज्यांचा माल (आणि ११०५, ११०६ मधला काही) प्रक्रिया करून येतो. वाटाण्यातून काढलेलं प्रोटीन हा चॅप्टर ७ चा माल राहत नाही. उगम वाटाणा आहे म्हणून ती भाजी होत नाही.

हिरवा_घास
म्हणजे आम्ही इतकी वर्षं चूक करत होतो असं म्हणायचंय का तुम्हाला?

खडूफळा
नाही हो, तुमचा माल वेगळा आहे एवढंच म्हणतोय.

शीतसाखळी
भांडू नका प्लीज, तीन आयटम आहेत. एक बर्गर पॅटी: पाणी, वाटाण्याचं प्रोटीन, खोबरेल तेल, मिथाइलसेल्युलोज (मिश्रण बांधून ठेवायला), बीटाचा रस. दोन, नगेट: टेक्स्चर्ड (मांसासारखा पोत दिलेला) सोया, वरून पावाचा चुरा, तळून फ्रोझन केलेले. तीन, खिमा, तोही तसलाच. अंडं-दूध कशातच नाही. आता सांगा.

सारणवाली
इथेच विचारते, माझेही फ्रोझन डंपलिंग येणार आहेत, पिठाच्या पारीत मांसाचं सारण. एक जण म्हणतो २० टक्क्यांच्या वर मांस असेल तर चॅप्टर १६. खरंय का?

वजनकाटा
ताई, तुमच्या मालाला तो नियम लागत नाही. चॅप्टर १६ च्या दुसऱ्या टिपेत वजनाने २० टक्क्यांहून जास्त मांस-मासे असले तर चॅप्टर १६ असं आहे, पण त्याच टिपेत शेवटी १९०२ (पास्ता) मधले सारण भरलेले पदार्थ वगळलेत. सारण मांसाचं असलं तरी १९०२.२०. फक्त तुमची पारी खरंच पास्त्यासारख्या कणकेची आहे ना ते बघा.

धागाकर्ते, तुमचा "तोही तसलाच" खिमा मला खटकतोय. पाकिटावर "ब्लेंड" असं काही लिहिलंय का? एजंट उगाच १६०२ म्हणत नसतो, त्याने काहीतरी वाचलंय.

लेबलप्रेमी
कोडपेक्षा आधी पाकिटावर "बर्गर" शब्द चालतो का ते बघा. आणि त्या मिथाइलसेल्युलोजचा ई-क्रमांक ४६१ लेबलवर हवा. लोक याकडे लक्ष देत नाहीत आणि मग सगळा माल पुन्हा स्टिकर लावत बसतात.

जुना_कागद
त्यांनी लेबलबद्दल विचारलेलंच नाही.

शीतसाखळी
वजनकाटा, हो, ब्लेंड लिहिलंय. त्यात थोडं चिकन आहे, चवीसाठी, २२ टक्के. बाकी सोयाच आहे म्हणून मी वेगळं लिहिलं नाही, आम्ही तिन्ही एकाच रेंजमध्ये विकतो.

खडूफळा
अहो २२ टक्के चिकन म्हणजे थोडं? हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. एजंट त्या एका आयटमबद्दल बोलत असेल, १६०२.३२ (तयार चिकन), आणि तुम्ही ते तिन्हींना धरून बसलात.

वजनकाटा
थांबा, १६०२ वर लगेच शिक्का मारू नका. हे २२ टक्के कधीचे? कच्चं चिकन घालतानाचे की तयार मालातले? त्या टिपेसाठी माल सादर करताना त्यात मांसाचं वजन किती ते धरतात, शिजवण्यापूर्वीचं नाही, हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये तसं दिलंय. चिकन आधी उकडून घातलं असेल तर पाणी सुटून त्याचं वजन घटतं. सप्लायरकडून बॅचचा कागद मागवा: कच्चं किती घेतलं, उकडल्यावर किती राहिलं, शेवटी एकूण वजन किती भरलं.

पांढरा_कोट
सोया रोज खाणं तसंही बरं नाही असं माझं मत आहे, पण असो.

खडूफळा
पॅटी आणि नगेटला माझ्या मते २१०६.९० (इतर तयार खाद्यपदार्थ). २१०६.१० हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट आणि टेक्स्चर्ड प्रोटीनसाठी आहे, म्हणजे कारखान्यात जाणारा कच्चा माल. तुमचा माल तव्यावर टाकायला तयार आहे.

जुना_कागद
इथे मी सहमत नाही. "टेक्स्चर्ड प्रोटीन" असे शब्द उपहेडिंगमध्ये (सहा आकडी कोडमध्ये) सरळ आहेत, आणि वर्गीकरणाच्या नियम ६ प्रमाणे उपहेडिंगचे शब्दच आधी बघायचे. नगेटमध्ये बहुतांश टेक्स्चर्ड सोया असेल तर .१० चा मुद्दा उरतोच. नुसत्या चुऱ्यामुळे तो दुसरा पदार्थ होतो का?

खडूफळा
चुरा, तेल, मसाला, तळणं हे सगळं मिळून होतो. पण तुम्ही म्हणता तशी बाजू मांडता येते हे मान्य. म्हणूनच पुढच्या खेपेआधी अग्रिम निर्णय (माल येण्याआधीच कस्टम्सने कोड ठरवून देणं) मागवा, लेखी. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराच्या कलम ३ मध्ये ती सोय आहे, करार फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे. आत्ताच्या मालासाठी त्याच करारातलं कलम ७.३ बघा: अंतिम ड्युटी ठरायची बाकी असेल तरी हमी देऊन माल सोडवता येतो. एजंटला नेमकं हे विचारा.

शीतसाखळी
सप्लायरचा कागद आला. १०० किलोच्या बॅचला २२ किलो कच्चं चिकन, उकडून १६ किलो, तयार माल ९४ किलो.

वजनकाटा
म्हणजे १७ टक्के. २० च्या खाली, चॅप्टर १६ गेला. तोही २१०६.९०. हा कागद सप्लायरच्या सही-शिक्क्यासह घ्या, सॅम्पल काढलं तर लॅबचा आकडा याच्या जवळपास यायला हवा. पण एक लक्षात ठेवा, कोड बदलला म्हणून सर्टिफिकेट सुटलं असं नाही. त्यात चिकन आहे ते आहेच. बऱ्याच ठिकाणी पशुवैद्यकीय तपासणी कोडवर नाही तर घटकावर चालते.

शीतसाखळी
एजंटशी आत्ताच बोललो. त्याने खरंच फक्त खिम्यासाठी १६०२ म्हटलं होतं, मेल मी नीट वाचला नव्हता. आता तीन आयटमच्या तीन वेगळ्या ओळी टाकतोय, पॅटी आणि नगेट हमीवर सोडायला अधिकारी तयार आहेत. खिमा काढून उणे १८ च्या कोल्ड स्टोअरमध्ये ठेवतोय, सर्टिफिकेट तिकडच्या कारखान्याकडून मागवलंय पण ते माल निघून गेल्यावर देतात की नाही तेच कळत नाहीये. त्यासाठी वेगळा धागा काढतो. खडूफळा, वजनकाटा, मनापासून आभार.