मदत हवी आहे : मालाच्या किमतीवर २५ टक्के नफा, मग उत्तर २० टक्के कसं?

नमस्कार. १७ नंबरचा फॉर्म भरून यंदा बारावी कॉमर्सला बसते आहे. शाळा सुटून चौदा वर्षं झाली, क्लास लावलेला नाही. पुस्तपालनात भागीदारीची खाती जमतात, पण नफ्याची प्रमाणं आली की गाडी अडते. दोन दिवस या एकाच गणितावर बसले आहे :

आरंभीचा साठा ४०,०००, निव्वळ खरेदी २,००,०००, माल आणायचं गाडीभाडं १५,०००, अखेरचा साठा १५,०००. ढोबळ नफा विकलेल्या मालाच्या किमतीवर (म्हणजे तो आणायला पडलेल्या खर्चावर) २५ टक्के. पगार व ऑफिसखर्च २४,०००, कर्जावरचं व्याज ६,०००, जुनं कपाट विकताना तोटा ३,०००.

विकलेल्या मालाची किंमत २,४०,००० आली, नफा ६०,०००. इथवर बरोबर आहे. मग ढोबळ नफ्याचं प्रमाण २५ टक्केच ना? उत्तर २० दिलंय. निव्वळ नफ्यात तर एकदा १२ टक्के, एकदा ९ टक्के असं दोनदा छापलंय. घरचं स्टेशनरीचं दुकान आहे. सासरे म्हणतात, "रुपयाला चार आणे सुटतात, म्हणजे पंचवीसच." मलाही तेच पटतं. कुठे चुकतेय?

प्रतिसाद

ताई, सासऱ्यांचा हिशोब चुकीचा नाही. दुकानदार खिशातून गेलेल्या रुपयावर नफा मोजतो, परीक्षेतलं प्रमाण गल्ल्यात आलेल्या रुपयावर असतं. तुमच्याच दुकानातली कंपासपेटी घ्या. ८० ला आणली, १०० ला विकली. सुटले २०. ८० वर ते २५ टक्के, १०० वर २० टक्के. पैसे तेच, भागायचा आकडा वेगळा.

तुमच्या गणितात विक्री म्हणजे २,४०,००० अधिक ६०,०००, ३,००,०००. (हा आकडा तुम्ही काढलाच नाहीत, घोळ तिथेच झाला.) ६०,००० भागिले ३,००,०००, म्हणजे २० टक्के.

आता १२ आणि ९. ६०,००० मधून रोजच्या धंद्याचा २४,००० खर्च गेला, उरले ३६,०००. हा ऑपरेटिंग नफा, विक्रीच्या १२ टक्के. व्याज आणि कपाटाचा तोटा हे माल विकण्याचे खर्च नव्हेत, म्हणून ते यात धरत नाहीत. तेही वजा केले की २७,०००, म्हणजे ९ टक्के. प्रश्नात नेमका कोणता नफा विचारलाय ते पेन्सिलीने अधोरेखित करा, मार्क जातात ते इथेच. ताळा करायचा तर ऑपरेटिंग रेशो काढा : २,४०,००० अधिक २४,०००, भागिले विक्री, ८८ टक्के. ८८ आणि १२ मिळून १०० झाले की निर्धास्त.

धागाकर्ती

मनापासून आभार! दुकानातल्या पेट्यांच्या तळाला पेन्सिलीने खरेदीभाव लिहिलेला असतो. तो बघत सकाळपासून दहा-बारा वस्तूंचे दोन्ही टक्के काढले. एक लक्षात आलं : मालाच्या किमतीवर १/४ असेल तर विक्रीवर १/५, आणि १/३ असेल तर १/४. म्हणजे वरचा आकडा खालच्यात मिळवायचा. हे नेहमी चालतं का?

प्रतिसाद

हो, नेहमी. २/५ असेल तर २/७. उलट जाताना खालच्यातून वरचा वजा करा : विक्रीवर १/५ दिला असेल तर मालाच्या किमतीवर १/४. फक्त विक्री घेताना रोख आणि उधार दोन्ही धरा आणि गिऱ्हाइकांनी परत केलेला माल (विक्री परत) त्यातून आधी वजा करा.