विटगेनस्टाइनच्या युद्धकाळातल्या वह्या: दोन्ही बाजू एकत्र कुठे वाचता येतील?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

सोलापुरातल्या आमच्या अभ्यासगटात पुढच्या महिन्यात तत्त्वज्ञ विटगेनस्टाइनच्या पहिल्या महायुद्धातल्या वह्यांवर बोलायचंय. उजव्या पानावर तर्कशास्त्र, डाव्यावर खासगी नोंदी, त्याही सांकेतिक लिपीत (ए ऐवजी झेड, अशी उलटी अक्षरं). 1961 च्या छापील आवृत्तीत फक्त उजवी बाजू आली.

माझा सगळा भर 1916 च्या जून-जुलैवर आहे. तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात, समोरून रशियाची चढाई चालू, आणि तर्काच्या पानांवर एकाएकी देव, जगण्याचा अर्थ! 6 जुलैला डावीकडे तो लिहितो, की या विचारांचा गणिती विचारांशी सांधा जुळत नाहीये. लगेच दुसऱ्या दिवशी: जुळेल. एकच बाजू वाचली की ही गंमत हातची जाते.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाचा त्याच्या हस्तलिखितांचा ऑनलाइन संग्रह पाहिला, पण मजकूर जर्मन. मला जर्मन येत नाही, आणि मशीनचं भाषांतर अशा मजकुराची पार वाट लावतं. खासगी नोंदींचं 2022 चं इंग्रजी भाषांतर हाताशी आहे. पुण्या-मुंबईला जाणं जमणार नाही. फार महागडं पुस्तकही नको.

तर दोन्ही पानं तारखेनुसार समोरासमोर देणारी इंग्रजी आवृत्ती आहे का? नसल्यास, निदान या दोन महिन्यांपुरती तशी मांडणी कुणी केली आहे का?