मदत हवी आहे: चाकावरचा ओकारिना (मातीचं पोकळ फुंकवाद्य) वरच्या सुरांना नुसती हवा सोडतो

घोडबंदर_माती
चाकावर बंद गोळा काढून चार भोकांचा ओकारिना करते आहे. स्टोनवेअर माती २५० ग्रॅम, भिंत ५ मिमी, आतला व्यास ६ सेमी. फुंकेची वाट आईस्क्रीमच्या काडीने पाडली. भोकं बंद असताना सूर भरीव येतो, चारही उघडली की फुस्स. शिवाय लेदर-हार्ड (अर्धवट वाळलेली, कापता येईल इतकी घट्ट माती) असताना हार्मोनियमच्या पांढरी चारला लावलेला सा भाजून आल्यावर काळी तीनच्याही वर सरकला. या पावसात तोंडाच्या (फुंकायच्या भागाच्या) सांध्याला चीरही जाते. कुठे चुकतंय?

नेरूळ_चाक
आधी फुस्सचं बघू. तोंडाकडून एका डोळ्याने वाटेतून आरपार पाहा. समोरची धार (खिडकीची, म्हणजे वाटेसमोरच्या भोकाची, हवा जिच्यावर आपटून दुभंगते ती कड) वाटेच्या बरोबर मधोमध आडवी रेघ दिसली पाहिजे. ती वर-खाली असेल तर खालचा सूर कसाबसा निघतो, वरचे मरतात. आईस्क्रीमची काडी जाड पडते. वाटेची उंची बाहेर पडताना १ ते दीड मिमी हवी, म्हणून कॉफी ढवळायची पातळ काडी घ्या. वाटेचं टोक ते धार हे अंतर ५-६ मिमी ठेवा. जास्त झालं की वरच्या सुरांना वारा पोचता पोचता विस्कटतो. आणि काडी ओढून काढल्यावर कडेला मातीचा जो बारीक कोंब उरतो, तो ओल्या ब्रशने जरूर काढा. निम्मी फुसफुस त्याचीच असते.

भोकं कुठे आहेत याने सुराला फारसा फरक पडत नाही, एकूण उघडीक (खिडकी आणि उघडी भोकं मिळून क्षेत्रफळ) किती हे महत्त्वाचं. चार भोकांत सप्तक बसवण्याची जॉन टेलर यांची १९६४ ची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. सूर दुप्पट, म्हणजे एक सप्तक, चढवायला उघडीक साधारण चौपट लागते, म्हणून भोकं लहानच पाडा आणि ट्यूनर लावून थोडी थोडी तासा.

घोडबंदर_माती
धार खरंच खाली होती! आणि चढलेल्या सुराचं काय करू?

नेरूळ_चाक
माती आक्रसली की सूर त्याच प्रमाणात चढतो. सूर लावायच्या वेळी त्याच मातीच्या पट्टीवर १० सेमीच्या खुणा करा, भाजून मोजा. ९.४ भरले तर अर्धा स्वर वर, ९.२ तर जवळपास दीड अर्धस्वर, ८.९ तर पूर्ण स्वर. तुमचं ९.२ आलं, तर ओल्यात सा पांढरी तीन आणि काळी दोन यांच्या मध्ये लावा. त्यासाठी गोळा मोठा काढा. खिडकी तीच ठेवून व्यास साडेसहा केला की सा सुमारे दोन अर्धस्वर उतरतो. तिथून खिडकी जराशी तासून वर आणता येतो, खाली आणणं मात्र कठीण.

कळवा_भट्टी
सांध्याच्या चिरेबद्दल. तोंड गोळ्यापेक्षा जाड असतं आणि उशिरा वाळतं, तिथेच ताण येतो. दोन्ही भाग एकाच ओलीचे असताना खरवडून त्याच मातीच्या स्लिपने (पातळ चिखलाने) जोडा. दोन दिवस प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, मग स्पंजवर ठेवून रोज फिरवा. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवू नका, एकच बाजू आधी वाळते. भट्टीत १०० अंशांच्या अलीकडे दोन-तीन तास थांबा. फुटतं ते आतल्या हवेने नाही, राहिलेल्या पाण्याने.

वाट आणि धार यांना ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) लागू देऊ नका, आधी तिथे मेण लावून घ्या. कोरी माती श्वासाचा ओलावा शोषते, ग्लेझवर थेंब साचून सूर अडकतो.