‘ब्लाइथ स्पिरिट’ मराठीत करताना एल्विराला राखाडी रंगवावं का?

विंगेतला:
नोएल कॉवर्डचं ‘ब्लाइथ स्पिरिट’ (1941) कोल्हापुरातल्या हौशी संस्थेनं करायला घेतलं, तर एल्विराला रंग फासू नये, असं माझं मत. कथानक माहीत नसेल त्यांच्यासाठी: चार्ल्स हा लेखक. कादंबरीला मालमसाला मिळावा म्हणून मृतात्म्यांना बोलावणाऱ्या मादाम अर्कातीला घरी बोलावून प्लँचेट करतो आणि मेलेली पहिली बायको एल्विरा दत्त म्हणून हजर होते. दिसते, ऐकू येते फक्त त्याला. दुसरी बायको रूथ शेजारीच. तो एल्विराला झापतो आणि रूथला वाटतं, आपल्यालाच बोलतोय.

भूत तयार होतं ते रूथच्या नजरेतून. तिनं एल्विरामागच्या फ्लॅटवर (नेपथ्याच्या उभ्या भिंतीवर) एक खूण धरायची आणि तिच्या आरपार तिकडंच बघायचं. नेहमीची चूक अशी की एल्विराचं वाक्य संपेपर्यंत रूथ थांबते, म्हणजे तिला ऐकू येतंय असं दिसतं. त्या जागी तिच्या हाताला काम द्या: कॉफी ओतणं, उशी सारखी करणं. सुरुवातीच्या तालमीत एल्विराला विंगेतूनच वाक्यं म्हणायला लावा. हे जमलं की रंग लागत नाही. हे जमलं नाही, तर रंगानं काय होणार, राव?

रंगपेटी:
साहेब, नजरेचं पटलं, निष्कर्ष नाही. कॉवर्डनं संहितेतल्या रंगसूचनेतच एल्विराचे केस, कातडी, कपडे, हात सगळं राखाडी मागितलंय. ही त्याची हौस नव्हे. प्रेक्षक मध्येच खोकतो, मोबाइल बघतो. मान वर केल्यावर भूत कोण हे त्याला एका नजरेत कळलं पाहिजे. फार्समध्ये तो हिशेब करत बसला की हशा गेला.

फसतं ते अर्धवट कामामुळं. चेहरा राखाडी आणि कान, मानेचा मागचा भाग, तळहात गव्हाळ! ओल्या स्पंजनं पॅनकेकचा (मेकअपच्या घट्ट वडीचा) पातळ थर द्यायचा, तो वाळल्यावर वर पावडर दाबायची. पांढऱ्यात काळा थोडा थोडा मिसळायचा. काळा जास्त झाला की बाई चुलीतून उठून आल्यासारखी दिसते. एल्विरा चार्ल्सच्या अंगाशी लगट करते, म्हणून त्याला काळा कोट नको. त्यावर पांढुरके पंजे उमटतात.

डिमर:
दोघांनीही लाइटवाल्याला विचारलेलं दिसत नाही. राखाडीला स्वतःचा रंग नसतो, पडेल तो प्रकाश ती परत देते. दिवाणखाना म्हणून सगळीकडं अंबर (पिवळसर-नारिंगी प्रकाश) मारला की राखाडी एल्विरा परत माणसात येते. समोरून साधा पांढरा किंवा अगदी फिका निळा ठेवा, अंबर फक्त टेबललॅम्पच्या कोपऱ्यापुरता. आणि एल्विराच्या मागं मागं हिरवा स्पॉट फिरवायचा मोह टाळा. रूथ त्यात शिरली की तीही मेली!

विंगेतला:
रंगपेटी, दुसऱ्या भुताचं, म्हणजे पुढं मरून भूत होणाऱ्या रूथचं काय? मूळ नाटक 3 अंकी, 7 प्रवेशांचं. आपल्याकडं एकच मध्यंतर. मूळ दुसऱ्या अंकाच्या शेवटी, म्हणजे रूथ गाडीच्या अपघातात मेल्यावर पडदा पाडला तर 5 प्रवेश आधी आणि 2 नंतर. पहिला भाग लोकांना बसवणार नाही. मध्यंतराची खरी जागा तिसऱ्या प्रवेशाचा शेवट: एल्विरा फुलांचं भांडं उचलून फिरवते आणि रूथला ते हवेत तरंगताना दिसतं. (इथं तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, लावणारे बहाद्दर आहेत. अहो, प्रेक्षकाला एल्विरा दिसतेय, दोरी कशाला?) पण मध्यंतर तिथं घेतलं, की रूथला राखाडी व्हायला हक्काची सुट्टी उरत नाही.

रंगपेटी:
उरते की. मेल्यावर ती लगेच दिसतच नाही, फक्त एल्विरा तिच्या माराला चुकवत पळते. ती प्रकट होते पुढच्या प्रवेशाच्या अखेरीला, आणि तोवर अर्काती, एल्विरा, चार्ल्स यांचा भलामोठा प्रवेश असतो. पूर्ण बाह्यांचा राखाडी ड्रेस, विग तयार; रंग फक्त चेहरा, मान, हात. दोघी मदतीला असल्या तर आरामात होतं. तुम्ही तो प्रवेश कापला तर मात्र बोंब.

विंगेतला:
कापावा लागणारच. त्यात अर्कातीचे मंत्रतंत्र पुन्हा पुन्हा येतात.

डिमर:
कापा, पण मोलकरीण एडिथचे धागे सांभाळून. ती सुरुवातीपासून धावतपळत वावरते, पुढं डोक्याला पट्टी बांधून दिसते आणि भुतं आली ती तिच्यामुळंच, हे शेवटी उघडं पडतं. वेळ वाचवायला तिच्या फेऱ्या उडवल्या तर शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

तंगुसाबद्दल एक. ती लागते फक्त शेवटी, दोन्ही बायका अदृश्य होऊन घरातल्या वस्तू फोडतात तेव्हा. फुलदाणी आधीच फोडून हलकी चिकटवलेली ठेवा आणि दोरी पुढून न नेता फडताळामागच्या भोकातून न्या. शाहू स्मारकसारख्या ठिकाणी पहिली रांग जवळ असते, समोरचा लाइट पडला की तंगूस लख्ख चमकते.

रंगपेटी:
म्हणजे राखाडी ठरली?

विंगेतला:
तुमच्या प्रयोगात. आमची एल्विरा फिक्या साडीत, रंगाविना.